तांबड्या धाग्याची बाटली

मगदूमांच्या घरात चूल एक होती आणि रेशनकार्डं दोन. गल्लीत निम्म्या घरांची हीच तऱ्हा, त्यामुळे त्यात कुणाला लपवण्यासारखं काही वाटत नसे. कागदावर घर क्रमांक ११४ अ मध्ये थोरले भूपाल मगदूम आणि त्यांची बायको त्रिशला, ११४ ब मध्ये धाकटा अभिनंदन आणि त्याची बायको सारिका. मधे भिंत होती, पण तिला दार कधी बसवलंच नव्हतं, नुसती चौकट. स्वयंपाक ११४ अ मध्ये व्हायचा आणि दोघी जावा एका ताटात जेवायच्या. सारिका लग्न होऊन आली त्या दिवशी बावरून जेवेना, म्हणून त्रिशलानं तिला मनगटाला धरून आपल्या ताटाशी बसवलं. ती सवय पुढं तेवीस वर्षं टिकली. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. साडेपाच झाले की दोघी मागाच्या शेडमधून उठायच्या, हात धुवायच्या आणि ताटावर बसायच्या.

शेडमध्ये दोघींचं काम वहिफणीचं. इचलकरंजीबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. मागावर नवं बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, चढवायच्या आधी त्याचे हजारो धागे एकेक करून वहीच्या, म्हणजे मागावरच्या तारांच्या, डोळ्यांतून आणि फणीच्या दातांतून ओढून घ्यावे लागतात. एकीनं पलीकडून नेमका धागा निवडून पुढं करायचा, दुसरीनं अलीकडून बारीक हुकानं तो ओढायचा. सन २०४३ उजाडलं तरी छोट्या मागणीचे, किचकट चौकड्यांचे नमुने यंत्रांवर लावणं कारखानदारांना पोसत नव्हतं, ते मगदूमांकडं यायचे. त्रिशला धागा द्यायची, सारिका ओढायची. बोलायची गरज पडत नसे. पलीकडून धागा यायच्या आत सारिकाचा हूक तिथं हजर असायचा.

आणि मग दोघींच्या हातांना आमवात धरला. आधी त्रिशलाला, तीन वर्षांनी सारिकाला. कुणी म्हणे सुताची धूळ, कुणी म्हणे नशीब. नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी उठलं की बोटं मिटलेली असायची, सांधे सुजून गरम. दहा वाजेपर्यंत ती उघडायची नाहीत. चार तासांचं बीम दोन दिवस चालायला लागलं. काम हातचं जाईल, ही धास्ती दोघींना सारखी असायची.

म्हणून कोल्हापूर रस्त्यावरच्या संशोधन केंद्रात नव्या गोळीची चाचणी आहे असं कळलं, तेव्हा पहिल्या रांगेत जाऊन बसल्या त्या या दोघी. समोर डॉक्टर हर्डीकर उभ्या होत्या. पन्नाशीच्या बाई, आवाज शाळेतल्या मास्तरणीचा. या गोळीवर त्यांची अकरा वर्षं गेली होती.

"तुमच्या रक्तात पहारेकरी पेशी असतात," त्यांनी सुरुवात केली. "जंतू दिसला की या पेशीच्या पोटातले काही सुटे भाग एकमेकांना चिकटून एक चाक तयार होतं. चाक जमलं की एक कात्री जागी होते. ती एका प्रथिनाचे दोन तुकडे करते. त्यातला एक तुकडा जाऊन पेशीच्या आवरणात रुततो. मग दुसऱ्या प्रथिनाचा, मग तिसऱ्याचा. अशा तीसेक तुकड्यांचं गोल कडं होतं आणि कड्याच्या मधे भोक. म्हणजे पेशी आपल्याच अंगाला भोक पाडते."

"कशाला?" मागून कुणीतरी विचारलं.

"बोंब मारायला. त्या भोकातून निरोप बाहेर पडतो. तो ऐकून रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी झिरपतं, आणखी पेशी धावून येतात. जागा लाल होते, सुजते, तापते, ठणकते. याला आम्ही दाह म्हणतो. भोकं फार झाली की पेशी फुटते आणि मरता मरता आणखी कल्ला करते. आमवातात काय होतं, चोर नसतानाच ही बोंब सुरू होते आणि थांबतच नाही. आजवरची औषधं बाहेर पडलेला निरोप मागाहून पकडत बसायची. आमची गोळी भोकच पडू देत नाही. तुकडे कडं करायला निघाले की त्यांना धरून ठेवते."

बायकांनी त्याच दिवशी तिचं नाव भोकाची गोळी ठेवलं. डॉक्टरांनी दिलेलं लांबलचक नाव शेवटपर्यंत कुणाच्या तोंडी बसलं नाही.

त्रिशलानं हात वर केला. "आणि खरोखरच चोर आला तर, बाई?"

डॉक्टर तिच्याकडं बघून हसल्या. हाच प्रश्न त्यांना हवा होता. "तर बोंब होणार नाही. ताप येणार नाही, सूज येणार नाही, दुखणारही नाही. म्हणून ही चकती." त्यांनी बटणाएवढी पांढरी चकती दाखवली. ती दंडाला चिकटवायची. तिच्या खालच्या सुया केसाहून बारीक, त्या कातडीखालच्या पाण्यात जंतूंचा माग काढत बसतात आणि केंद्रातल्या कॉम्प्युटरला कळवतात. "पण निम्म्या बायकांना खरी गोळी मिळेल आणि निम्म्यांना खडूची. कुणाला कुठली ते मलाही माहीत नसेल, फक्त कॉम्प्युटरला. खरी गोळी असलेल्या बाईच्या चकतीवर जरासा जरी संशय आला तरी तो लगेच फोन करेल. खडूवाल्या बाईला तो लगेच उठवणार नाही. साधे दात घासले तरी थोडे जंतू रक्तात जातातच, आणि तिचं स्वतःचं अंग ताप आणून सांगायला समर्थ आहे. कुठली कोण ते ओळखू येऊ नये म्हणून काही खोटे फोनही सगळ्यांना जातील, त्याचा राग धरू नका."

शेवटी त्यांनी नियम सांगितला. एका घरातून एकच बाई. "आपल्याकडं गोळ्या वाटून खातात," त्या म्हणाल्या. "सासूची बीपीची गोळी सून घेते, शेजारीण मागायला येते. इथं तसं झालं तर माणूस जाईल. एका चुलीवरच्या दोघींना मी घेणार नाही."

सारिका पर्स उचलून उठायलाच लागली होती. त्रिशलानं तिला खाली बसवलं आणि टेबलापाशी जाऊन दोन रेशनकार्डं काढून ठेवली.

"दोन घरं आहेत आमची," ती म्हणाली. "११४ अ आणि ११४ ब."

परत येताना रिक्षात सारिका म्हणाली, "अक्का, खोटं बोललात तुम्ही. तुम्ही."

"बोलले. तुझे हात तसेच सोडून मी एकटी बरी होऊन काय करू?"

सारिकानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्रिशलाला त्या खोट्याचं काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

दर महिन्याच्या पाच तारखेला केंद्रात रक्त द्यायचं आणि नवी बाटली घ्यायची. रक्ताच्या कुप्या सील होऊन पुण्याला जायच्या आणि वर्षअखेरीला एकदम उघडायच्या होत्या. बाटल्या दिसायला एकसारख्या, वर मुंगीएवढा लांबलचक आकडा, तोच प्रत्येकीच्या केंद्राच्या कार्डावर. चष्मा लावूनही तो लागत नव्हता. त्रिशलानं मग आपल्या धंद्यातली युक्ती काढली. आपल्या बाटलीच्या गळ्याला तांबडा धागा बांधला, सारिकाच्या हिरवा. दोन्ही बाटल्या फडताळात शेजारी शेजारी राहायच्या. नवी बाटली आली की धागा जुनीवरून कापून टाकायचा आणि नवा बांधायचा. बांधायचं काम त्रिशलाचं, ती थोरली म्हणून.

दुसऱ्या महिन्यात त्रिशलाची बोटं उघडली. एका सकाळी ती उठली, केसांचा अंबाडा घातला, आणि घातल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण अंबाडा घातला. भूपालांना उठवून तिनं दोन्ही पंजे दाखवले. मग चौकटीतून धावत ११४ ब मध्ये गेली.

सारिका चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून बसली होती. तिची बोटं तशीच होती.

"येईल, तुलाही गुण येईल," त्रिशला म्हणाली.

पण नाही आला. दोघींनाही कळून चुकलं की सारिकाच्या बाटलीत खडू आहे. आणि इथं त्रिशलानं एक गोष्ट केली, ती तिला तेव्हा अगदी साधी वाटली. कारखानदाराचं बीम अडलं होतं, सारिकाला हूक धरवत नव्हता, म्हणून तिनं शेजारच्या मालनला सारिकाच्या जागी बसवलं. सारिकाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, काम तर करायलाच हवं होतं. सारिका चौकटीत उभी राहून थोडा वेळ बघत राहिली आणि मग धुणं वाळत घालायला गेली.

एप्रिलची पाच तारीख आली, नव्या बाटल्या आल्या. मेच्या मध्याला त्रिशलाच्या बोटांत पुन्हा तीच जुनी ऊब जाणवली. आधी अंगठ्याच्या बुडाशी, मग सगळीकडं. जून लागेपर्यंत पंजे पूर्ववत झाले होते. आणि त्याच दिवसांत सारिकाचे पंजे उमलले.

"प्रत्येकीचा काळ वेगळा असतो," डॉक्टर हर्डीकर दोघींच्या नोंदवह्या चाळत म्हणाल्या, पण कपाळावर आठी होती. "कुणावर उशिरा चालते, कुणावर चालायची थांबते. वर्षअखेर कळेल."

त्रिशला रडली, पण एकटी असताना. सारिकासमोर ती हसली. निदान एकीचे तरी हात सुटले, असं ती सगळ्यांना सांगत सुटली आणि ते तिला खरंच वाटत होतं. मालन आता पलीकडं, त्रिशलाच्या जागी बसून धागा द्यायची. सारिका ओढायची. ताटावर बसलं की सारिका भाकरी मोडून अक्काच्या बाजूला सारायची. पूर्वी दोघींपैकी जिचे हात त्या दिवशी बरे तिनं भाकरी मोडायची, असाच रिवाज होता. सारिका हल्ली जरा लहान तुकडे करायची. किती माया करते पोरगी, असं त्रिशलाला वाटायचं.

ऑगस्टच्या अठरा तारखेला, दुपारी, त्रिशला गोळी घ्यायला फडताळापाशी गेली. झाकण उघडत नव्हतं. बाटली काखेत दाबून ती झटापट करत होती आणि तिची नजर तांबड्या धाग्यावर गेली.

गाठ तिची नव्हती. इतके दिवस ती नुसता रंग बघून बाटली उचलायची.

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. वहिफणीला बसणाऱ्या बाईच्या हातून दिवसाला शेकडो गाठी पडतात आणि प्रत्येकीची गाठ निराळी, सहीसारखी. त्रिशला उजवीकडून फास टाकून गाठ चपटी ओढायची. सारिका डावरी. तिची गाठ उलट्या अंगानं वळायची आणि शेवटाला एक शेंडी जरा लांब राहायची. तेवीस वर्षं त्रिशलानं त्या गाठी बोटांखालून घातल्या होत्या. आंधळी झाली असती तरी तिनं ओळखली असती.

तिनं हिरव्या धाग्याची बाटली काढली. तिच्यावरची गाठही सारिकाची. मग ती खिडकीशी गेली, चष्म्यावर भिंग धरलं आणि तांबड्या धाग्याच्या बाटलीवरचा मुंगीएवढा आकडा सारिकाच्या केंद्राच्या कार्डाशी ताडून पाहिला. जुळला. म्हणजे त्रिशलानं बांधलेले धागे सोडून सारिकानं उलटसुलट बांधले होते. आणि बाटली दर महिन्याला नवी येते. म्हणजे हे एकदा घडलेलं नव्हतं. एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट. पाच वेळा सारिका या फडताळापाशी उभी राहिली, पाच वेळा तिनं गाठी सोडल्या आणि बांधल्या, आणि पाचही वेळा संध्याकाळी येऊन ताटात हात घातला.

 त्रिशलाच्या अंगात नुसता जाळ उठला होता. केसानं गळा कापला या बाईनं माझा. मी हिच्यासाठी खोटं बोलले, माझी बोटं पुन्हा वाकडी होताना ही बघत होती, वर तेल लावून चोळून देत होती. रोज रात्री चोळून देत होती. त्याचाच राग त्रिशलाला सगळ्यात जास्त आला, गोळ्यांचा नाही.

तिनं ठरवलं की आपण काही बोलायचं नाही. तिचं तोंड तिलाच उघडू दे. बाटल्या होत्या तशा ठेवल्या, भाकऱ्या केल्या, दोडक्याची भाजी केली. साडेपाचला सारिका शेडमधून आली, हात धुतले आणि ताटावर बसली.

त्रिशला तिचा हात बघत होती. भाकरी मोडणारी ती सरळ, मोकळी बोटं. तर्जनीच्या बुडाशी, आतल्या अंगाला, एक छोटं भोक होतं.

"हे काय?"

"हूक लागला होता," सारिका म्हणाली.

"कधी?"

"झाले असतील आठ-नऊ दिवस."

त्रिशलानं तिचा पंजा ओढून उजेडात धरला. आठ दिवसांची जखम, पण काल झाल्यासारखी. भोवती लाली नाही, सूज नाही, खपली नाही. कडा मात्र पांढुरक्या, मऊ पडलेल्या आणि बोटाचं टोक निळसर करडं. नाकाशी नेल्यावर वास आला. आणि हात गार होता. ऑगस्टच्या उकाड्यात पाण्यातून काढल्यासारखा गार.

"दुखत नाही?"

"नाही, अक्का. जरासुद्धा नाही. थोडी दमले आहे, एवढंच. दोन दिवस जेवण जात नाही."

दंडावर चकती होती. चकती मुकाट होती. आणि त्रिशलाला डॉक्टर हर्डीकरांचे शब्द आठवले. कॉम्प्युटरच्या लेखी ही खडू खाणारी बाई. काही झालं तर हिचं अंग सांगेल म्हणून तो वाट बघत बसलाय. आणि हिच्या अंगाचं तोंड माझ्या गोळ्यांनी बांधलंय. ती गोष्ट या जगात फक्त दोघींना माहीत होती, आणि त्यातल्या एकीला तिचा अर्थ कळत नव्हता.

गप्प बसायचं. फार तर दोन दिवस. कुणालाही कळलं नसतं. हा विचार त्रिशलाच्या मनात आला, खोटं कशाला बोला. आला आणि घासभर वेळ राहिला. मग तिनं सारिकाच्या छातीकडं बघितलं आणि श्वास मोजायला लागली. मोजण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, सगळा जन्म धागे मोजण्यात गेला होता. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याचा एक फेरा झाला. चौतीस श्वास, नेहमीच्या दुप्पट.

"तांबड्या धाग्याची गाठ कुणाची आहे गं?" तिनं विचारलं.

सारिकाचा घास हातातच राहिला. "कसली गाठ? काहीतरीच काय अक्का."

"आता माझ्याशी खोटं बोलण्यात वेळ घालवू नकोस. तुझ्या बोटात पू आहे, तो रक्तात चढलाय. मी केंद्राला फोन लावते."

तेव्हा सारिका ढासळली. तिनं त्रिशलाचे दोन्ही पंजे धरले, दुखतील याचं भान न ठेवता. "नको. पाया पडते. दोघींना काढून टाकतील, माझे हात जातील. मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं जाते, औषध आणते."

"तो थर्मामीटर लावेल आणि ताप नाही म्हणून घरी पाठवेल."

"तुम्ही मालनला बसवलंत माझ्या जागी," सारिका एकदम म्हणाली. आवाज बारीक होता. "एका शब्दानं विचारलं नाहीत. मी चौकटीत उभी होते. मला वाटलं, हात नाहीत तर मी या घरात कोण?"

 त्रिशलानं हात सोडवून घेतले, अंगठ्याच्या पेरानं कसाबसा फोन लावला आणि सारिकाच्या पोटात खरी गोळी असल्याचं सांगितलं. डॉक्टर हर्डीकरांनी दोन प्रश्न विचारले आणि वीस मिनिटांत गाडी दारात आली. ताट तसंच अर्धं राहिलं.

सारिका वाचली. रक्तात जंतूंचं पीक आलं होतं, रक्तदाब तळाला गेला होता. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं अतिदक्षता विभागातले डॉक्टर म्हणाले. उजव्या तर्जनीची दोन पेरं कापावी लागली. गोळीचा अंमल उतरला तसा पाचव्या दिवशी तिला ताप भरला, आणि तापाला बघून डॉक्टर हर्डीकर पहिल्यांदा निश्चिंत होऊन खुर्चीत टेकल्या.

सहाव्या दिवशी त्या जबाब घ्यायला आल्या. खाटेभोवती भूपाल, अभिनंदन आणि त्रिशला होती. ही गोळी हिच्या पोटात गेली कशी, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

सारिका छताकडं बघत होती. "अक्कांनी दिल्या," ती म्हणाली. "माझे हात त्यांना बघवेनात. स्वतःच्या गोळ्या मला दिल्या आणि माझ्या स्वतः घेतल्या."

भूपालांचे डोळे भरून आले. "मला सुद्धा बोलली नाहीस, त्रिशला." अभिनंदन तर सरळ वाकला आणि वहिनीच्या पायांना हात लावला. डॉक्टर हर्डीकर मात्र पांढऱ्याफटक झाल्या होत्या. "एवढं समजावून सांगितलं होतं मी. चोर आला तर काय, हा प्रश्न तुम्हीच विचारला होता ना? आणि तुम्हीच हिच्या हातात गोळी दिलीत? जीव घेत होता तुम्ही हिचा." त्यांनी कागद पुढं केला. "लिहा. सही करा."

त्रिशला सारिकाकडं बघत राहिली. सारिकानं शेवटी मान वळवली. तिच्या डोळ्यांत विनवणी होती. एवढं एक माझ्यासाठी, अशी. या डोळ्यांना त्रिशलानं तेवीस वर्षांत नाही म्हटलं नव्हतं. चोरी ती चोरी, आणि आता तिच्यावर माझ्या चांगुलपणाचं पांघरूण. नवऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी, दिराचा नमस्कार, सगळं तयार होतं. फक्त मुंडी हलवायची.

"मी दिल्या असत्या," त्रिशला म्हणाली. "तिनं मागितल्या असत्या तर अर्ध्या अर्ध्या केल्या असत्या. नियम मोडून केल्या असत्या. तिनं मागितल्या नाहीत."

तिनं पर्समधून रुमाल काढला आणि खाटेवर उलगडला. आत दोन धागे होते, एक तांबडा, एक हिरवा, गाठीसकट कापलेले. "या गाठी डावऱ्या हाताच्या आहेत. अभिनंदन, तू मागवाला आहेस, तूच सांग कुणाच्या."

अभिनंदननं धागे उचलले, बघितले आणि खाली ठेवले. 

"आणि माझाही जबाब लिहा," त्रिशला डॉक्टरांना म्हणाली. "घरं दोन नाहीत. चूल एक आहे. रेशनकार्डं मी ठेवली होती टेबलावर."

 "अकरा वर्षं," डॉक्टर हर्डीकर म्हणाल्या. "तुमच्या दोघींचेच आकडे बिघडले असं वाटतं का तुम्हाला? आता तीनशे बायकांतल्या किती घरांत असं झालंय, हे मला ठाऊक नाही." त्यांनी कागद घडी करून पिशवीत टाकला. निघताना त्यांनी त्रिशलाच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

चाचणी सहा महिने थांबली. मग पुन्हा सुरू झाली, तेव्हा खडू असो की गोळी, चकतीवर संशय आला की प्रत्येक बाईला लगेच फोन जायचा, आणि गोळी बाटलीत घरी देणं बंद झालं. केंद्रात येऊन, सिस्टरच्या डोळ्यांदेखत गिळायची. त्या यादीत मगदूम नावाचं कुणी नव्हतं.

दवाखान्यात गेल्याच्या अकराव्या दिवशी सारिका घरी आली. सव्वासहा झाले होते, जेवणाची वेळ उलटून गेली होती. पंज्याला बँडेज, तोंड उतरलेलं. ती सरळ ११४ अ मध्ये आली आणि रोजच्या जागी, पाटावर बसली.

त्रिशलानं ताट वाढलं. भाजी, आमटी, भात, तिच्यासाठी भाकरी कुस्करून दुधात घातलेली, चमच्यासकट. ते तिच्यासमोर ठेवलं. मग ओट्यावरून दुसरं ताट उचललं आणि स्वतःला वाढून घेतलं. सारिका त्या दुसऱ्या ताटाकडं बघत राहिली.

"अक्का," ती म्हणाली. "बसा ना इथं."

"तू जेव. उद्यापासून अभिनंदन तुमच्याकडं शेगडी मांडून देईल. मी बोलले त्याच्याशी."

ताट घेऊन त्रिशला मागच्या पडवीत गेली आणि एकटीच बसली. सात वर्षांपूर्वी मामलेदार कचेरीत लिहून दिलेलं होतं की घर क्रमांक ११४ मध्ये दोन चुली आहेत. ते आता खरं झालं.

सूर्य पलीकडच्या शेडच्या पत्र्यावर आला होता. तिनं भाकरी मोडायला घेतली. बोटं नीट वळत नव्हती, सांधे ठणकत होते. एक तुकडा निघाला, तो आमटीत बुडवून तिनं खाल्ला. दुसऱ्याला फार वेळ लागला. आतून सारिकाच्या चमच्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. तिसरा तुकडा निघेना. तिनं दोन्ही मनगटांमधे भाकरी धरून पाहिली. तेवढ्यात पत्र्यावरचा उजेड गेला.

दिवस मावळल्यावर घास घ्यायचा नाही. त्रिशलानं अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि हात धुवायला उठली.